कमळी ओढ्यात उतरेना

ओढ्याच्या कडेला येताच कमळीने पुढचे दोन्ही पाय वाळूत रोवले आणि ती थांबली. विशाखाने टाचा लावून पाहिल्या, लगाम सैल सोडून पाहिला, मानेवर थोपटून पाहिलं. घोडी जागची हलेना. तिचे कान पुढे ताणले होते, नाकपुड्या फुगल्या होत्या आणि अंगावर माश्या बसल्यासारखी तिची कातडी थरथरत होती. समोर पाणी होतं ते जेमतेम घोटाभर. पलीकडच्या चढावर तंबू दिसत होते, पोह्यांचा वास येत होता. मागे चार घोडी खोळंबली होती. विशाखाने पुन्हा टाच लावली, तशी कमळी मागच्या पायांवर उभी राहिली आणि विशाखा पाठीवरून थेट वाळूत येऊन पडली.

लागलं फारसं नाही. पण सगळ्यांनी पाहिलं, ते जास्त लागलं.

पलीकडच्या काठावर मल्लिनाथ सर उभे होते. शिबिराचे व्यवस्थापक. लातूरचे, नीटनेटके, सतत कमरेवर हात ठेवून बोलणारे. पायात गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट. ते हसत म्हणाले, "वर बसलेलं माणूस घाबरट आहे, हे घोड्याला बरोबर कळतं." मग सगळेच हसले.

दिवाळीच्या सुट्टीतलं हे पाच दिवसांचं शिबिर होतं. किनवटच्या पुढे, मोहाळी गावाच्या शिवारात, सागाच्या जंगलाला लागून असलेल्या माळावर आठ तंबू ठोकले होते आणि लांब दोराला दहा घोडी बांधली होती. प्रत्येक मुलाकडे एक घोडं. सकाळी उठून खरारा करायचा, भिजवलेला हरभरा खाऊ घालायचा, साडेसहाला खोगीर चढवायचं. मग ओढा ओलांडून जंगलातल्या वाटेने वरच्या पठारापर्यंत जायचं आणि नऊच्या सुमाराला परत यायचं. विशाखा आणि आदर्श नांदेडचे, आठवीत एकाच वर्गात. पुनम नायगावची, शेतकऱ्याची मुलगी. ती त्यांना इथेच भेटली होती आणि पहिल्याच संध्याकाळी तिने विशाखाच्या तंबूत आपली वळकटी आणून टाकली होती.

त्या दिवशी कमळीला शेवटी माणिकप्पांनी लगामाला धरून दीड किलोमीटरच्या वळशाने, पुलावरून आणलं. माणिकप्पा घोड्यांची निगा राखायचे. देगलूरकडचे, साठी ओलांडलेले, बोलणं कमी. खरारा करताना विशाखाने त्यांना विचारलं, की मामा, माझं काय चुकलं? त्यांनी घोडीच्या चारही पायांवरून हात फिरवून पाहिला.

"तुझं न्हाई चुकलं, माय," ते म्हणाले. "घोडं जाताना अडतं, येताना अडत न्हाई. घराकडं तोंड झालं की उलट आवरून धरावं लागतं त्याला. ही येतानाच अडून राहिली. चाळीस वर्सांत असं न्हाई पाहिलं मी."

विशाखाच्या डोक्यात ते वाक्य अडकून बसलं. सकाळी जाताना कमळी त्याच पाण्यातून पाय उडवत, खेळत गेली होती. मग अडीच तासांत त्या ओढ्याला झालं काय?

दुसऱ्या दिवशीही तेच. जाताना ठीक, येताना नाही. या वेळी विशाखाने नुसतं कमळीकडे न बघता बाकीच्या घोड्यांकडे बघितलं. तीही सुखासुखी उतरत नव्हती. पाण्याशी आली की मान वर करायची आणि तीन उड्यांत पलीकडे जायची. मुलांना त्याची मजा वाटत होती, ती ओरडून दाद देत होती. दुपारी तिने माणिकप्पांना विचारलं, की कमळीत आणि इतरांत फरक काय? त्यांनी बोटाने दाखवलं. बाकीच्या घोड्यांना फक्त पुढच्या पायांना नाल होते, तेही झिजलेले. कमळीला शिबिराच्या आधी चारही पायांना नवे ठोकले होते.

तिसऱ्या दिवशी मल्लिनाथ सर छडी घेऊनच आले. दोन सपकारे बसले, कमळीच्या पाठीवर वळ उठला, पण तिने पाण्यात खूर घातला नाही. विशाखाचे डोळे भरून आले. ती खाली उतरून घोडीच्या आणि सरांच्या मधे उभी राहिली. बोलली मात्र काहीच नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की ती मागे सरायची, शाळेतही. सर म्हणाले, खोडीचं जनावर आहे, शिबिर संपलं की टेंपोत घालून विकायला पाठवतो.

तेवढ्यात खालच्या अंगाला चिखलाचे हात धुवायला वाकलेला आदर्श झटकन मागे सरला आणि कोपर चोळू लागला. पुनमने काय झालं म्हणून विचारलं. तो म्हणाला, काही नाही, हाताला मुंग्या आल्या. रात्री हातावर झोपलो असेन.

चौथ्या दिवशी परत येताना विशाखाने लगाम सैल सोडला. कमळी काठाशी आली, खाली मान घालून पाणी हुंगलं आणि टपटप चालत पलीकडे गेली.

"बघितलं?" मल्लिनाथ सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "छडी लागते."

सगळ्यांना ते पटलं. विशाखाला पटलं नाही. घोडी घाबरून गेली नव्हती, शांतपणे गेली होती. आज असं काय निराळं होतं? ती खोगीर उतरवत असताना पुनम आंघोळीसाठी उभारलेल्या तट्ट्याच्या आडोशातून थंडीने कुडकुडत बाहेर आली आणि कुरकुरू लागली, की आज हीटरचं पाणी गारच आहे. मग ती मान तिरकी करून ऐकू लागली.

"मोटारी बंद हायत आज," पुनम म्हणाली.

"कुठल्या मोटारी?"

"शेतातल्या. ओढ्यापल्याडच्या. रोज आपण परत येतो तेव्हा दोन-तीन चालू असतात, तुला ऐकू आल्या न्हाईत?" पुनमच्या घरी शेताच्या लाईटचं वेळापत्रक पाठ असावं लागायचं. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. तिने हिशोब मांडला. इथे या आठवड्यात दिवसाची लाईट होती आणि ती साडेआठला येत होती, कारण मोटारी तेव्हाच सुरू व्हायच्या. आज स्वयंपाकी सांगत होता, सागाची मोठी फांदी तारांवर पडल्याने पहाटेपासून लाईन बंद आहे.

आदर्शने आपल्या हाताकडे बघितलं. "साडेसहाला जातो तेव्हा लाईट नसते," तो हळूच म्हणाला. "नऊला येतो तेव्हा असते. आणि आज नव्हती."

तिघांनी एकदमच ओढ्याकडे बघितलं.

पण शेताच्या लाईटचा आणि ओढ्याचा संबंध काय? आणि शिबिरात तर सगळं सौरऊर्जेवर चालतं, असं सरांनी पालकांना अभिमानाने सांगितलं होतं. आदर्श गुपचूप स्वयंपाकाच्या शेडवर चढला. वर दोन चकचकीत पॅनल होते. त्यांच्या मागच्या बाजूला वायरच नव्हती. दोन्ही नुसते दिसायला ठेवलेले होते.

हीटरची वायर तट्ट्याच्या मागून निघून जमिनीत शिरत होती. तिथून ओढ्याच्या दिशेने वीतभर रुंदीचा एक पट्टा गेला होता, ज्यावर गवत उगवलं नव्हतं. कोणीतरी नुकतंच खणून बुजवलं होतं. पट्टा सरळ उतारावर जाऊन पाण्यात शिरला होता, अगदी घोडी उतरायची त्याच जागी. पुनमने दोघांनाही पाण्यापासून चार हात दूर उभं केलं. लाईन कधी चालू होईल सांगता येत नाही, ती म्हणाली. तिच्या चुलत्याला अशाच एका वायरने चटका दिला होता, तेव्हापासून घरात कोणी ओल्या जागी वायरजवळ जात नव्हतं.

तिघं पुलावरून वळसा घालून पलीकडे गेली. पळसाच्या झुडपाआड केबल पुन्हा वर आली होती. तिथून ती बांबूला बांधून विजेच्या खांबापर्यंत नेली होती, आणि वर तारेवर एक लोखंडी आकडा लटकत होता.

आता सगळं जुळत होतं. आकडा टाकून चोरून आणलेली वीज ओढ्याच्या तळातून शिबिरात जात होती. पहिल्याच फेरीपासून घोड्यांचे नाल त्या केबलवरून घासत होते. रबर कुठेतरी फाटलं होतं आणि वीज पाण्यात उतरत होती. मुलं खोगिरावर, पाय रिकिबीत, म्हणून कोणाला काही कळत नव्हतं. सर रबरी बुटात. चारही पायांना नवं लोखंड असलेल्या कमळीला मात्र रोज कळत होतं, आणि ती जमेल तसं सांगत होती.

"उद्या पालक येणार आहेत," विशाखा म्हणाली. उद्याची फेरी सकाळी साडेनऊला होती. पालक ओढ्याच्या पलीकडे उभे राहून मुलांचे फोटो काढणार होते. पलीकडे जायला ते चपला हातात घेऊन, अनवाणी पाण्यातून जाणार होते.

संध्याकाळी तिघांनी मल्लिनाथ सरांना सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे आदर्श आणि पुनम बोलली, विशाखाने फक्त मान हलवली. आकड्याचं नाव निघताच सरांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. गरम पाणी सगळ्यांनाच हवं असतं, ते म्हणाले. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. केबल चांगल्या प्रतीची आहे. मी रोज चार वेळा त्या पाण्यातून जातो, मला कधी काही झालं? आणि ही गोष्ट लहान मुलांत पसरवली, तर उद्याच्या फेरीतून तिघांनाही वगळेन. फोन करायची सोय नव्हती. मुलांचे फोन पहिल्याच दिवशी सरांच्या पेटीत गेले होते.

विशाखा तिथून थेट घोड्यांकडे गेली. माणिकप्पा कमळीच्या वळावर हळद आणि तेल लावत होते. तिने सांगितलेलं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, चर खणताना मी पाहिला होता. पाण्याचा पाइप हाय म्हणून सांगितलं सरांनी, मी मान डोलावली. त्यांचा हात थांबला होता. एवढा मोठा माणूस शरमलेला विशाखाने पहिल्यांदाच पाहिला.

"मामा, उद्या कमळीला रांगेत सगळ्यात पुढं ठेवाल?" तिने विचारलं. "ती उभी राहिली की वाट अडेल. दुसरं घोडं बाजूनं जाऊ शकत नाही."

सरांनी कमळीला सगळ्यात मागे ठेवायला सांगितलं होतं. माणिकप्पांची नोकरी सरांच्या हातात होती. त्यांनी हळदीचे हात पुसले.

"हाव," ते म्हणाले. "पुढंच ठेवतो."

सकाळी उजाडताच आदर्श स्वयंपाक्याची सायकल घेऊन मोहाळीच्या रस्त्याला लागला, लाईनमनला शोधायला. फांदी रात्रीच काढली होती. बरोबर साडेआठला पलीकडच्या शेतात मोटारींची घरघर सुरू झाली. पालकांची बस नऊला यायची होती, ती आली साडेनऊला. वडील दिसताच विशाखा त्यांच्याकडे धावली, पण सरांनी शिट्टी फुंकली, उशीर झालाय, सगळ्यांनी खोगिरावर बसा म्हणून घाई केली, आणि पालकांना फुलं देऊन ओढ्याकडे पाठवलं. आदर्शचा पत्ता नव्हता.

ओढ्याकडे उतरणारी वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. माणिकप्पांनी कमळीला पुढे आणलं. सर मागून ओरडले, की ती घोडी शेवटी घ्या. आपल्याला ऐकूच आलं नाही असं दाखवत माणिकप्पा दुसऱ्या घोड्याचा पट्टा आवळत राहिले.

कमळी उतारावरून खाली गेली. ओल्या वाळूवर पुढचे खूर टेकताच ती जागच्या जागी थिजली. आज विशाखाने टाच लावली नाही. तिने लगाम डावीकडे घेतला, घोडीला वाटेत आडवं उभं केलं आणि तिच्या मानेवर हात ठेवला. हाताखाली नुसती थरथर होती. मागची सगळी घोडी थांबली. बाजूच्या खडकावर काही पालक बसले होते आणि चपला काढत होते. त्यांत विशाखाचे वडील आनंदराजही होते.

 वडिलांनी पँट दुमडायला घेतली तेव्हा तिचा आवाज आपोआप बाहेर पडला, तिला स्वतःलाच ओळखू न येणारा.

"पाण्यात कुणी उतरू नका. पाण्यात करंट आहे."

सगळे जागच्या जागी थांबले. पुनम घोड्यावरून उतरून धावत पालकांपुढे गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. मल्लिनाथ सर जाळीतून वाट काढत खाली आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, तरी ते हसत होते. मुलीला घोड्याची भीती वाटते, ते पालकांना म्हणाले, म्हणून रोज नवी गोष्ट रचते. हे बघा. असं म्हणून ते ओढ्यात शिरले, मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"कुठं आहे करंट?"

पालकांतलं कोणीतरी हसलं. एक बाई पुन्हा चप्पल काढायला वाकल्या. विशाखाने सरांकडे बघितलं. मग त्यांच्या पायांकडे.

"सर," ती म्हणाली, "बूट काढून दाखवता का?"

 मल्लिनाथ सरांचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. ते काहीतरी बोलायला गेले, पाणी फार गार आहे, असलं काहीतरी. आनंदराज उठून उभे राहिले. ते टपाल खात्यात होते आणि घरीदेखील मोजकंच बोलायचे.

"काढा ना, सर," ते शांतपणे म्हणाले. "दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

सर बूट काढेनात. ते एकेक पाऊल सावकाश टाकत काठावर परत आले, आणि सगळ्यांना जे कळायचं ते कळलं. पालक आपापल्या मुलांच्या घोड्यांकडे धावले. सरांनी पुन्हा आवाज चढवला. घोडी खोडीचीच आहे, ते म्हणाले, काल तर मुकाट गेली होती, विचारा कुणालाही.

तेवढ्यात पलीकडच्या शेतातली घरघर थांबली. एक मोटार, मग दुसरी, मग तिसरी. माळावर एकदम शांतता पसरली.

विशाखाच्या हाताखालची थरथर नाहीशी झाली. कमळीचे कान सैल पडले. तिने एक लांब श्वास सोडला, मान खाली घातली, पाणी हुंगलं. विशाखाने लगामाला बोटही लावलं नव्हतं. घोडी स्वतः वळली, पाण्यात उतरली आणि मधोमध उभी राहून घटाघटा पाणी पिऊ लागली.

 माणिकप्पांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं होतं.

पाच मिनिटांनी मोटारसायकलवरून आदर्श आणि लाईनमन व्यंकट आले. आदर्श गावात पोहोचला तेव्हा व्यंकट दुसऱ्याच वस्तीवर गेले होते, त्याला आणखी चार किलोमीटर सायकल हाणावी लागली होती. त्याचं ऐकून व्यंकट यांनी आधी शेतांच्या लाईनची डीपी बंद केली आणि मगच गाडीला किक मारली. आता त्यांनी रबरी हातमोजे चढवले, लांब काठीने आकडा उतरवला आणि केबल ओढून वाळूवर टाकली. चार ठिकाणी रबर सोलून आतली तार उघडी पडली होती. व्यंकट उकिडवे बसून ती बघत राहिले.

"लई मोठं काम केलं लेकरांनी," ते पालकांकडे वळून म्हणाले. "माणूस अनवाणी उतरलं असतं न् पाय घसरून ह्या तारेवर पडलं असतं, तर मी येऊन काय करणार होतो?"

त्यानंतर बरंच काही झालं. वीज मंडळाचे साहेब आले, पोलीस पाटील आले. मल्लिनाथ सरांनी शेवटी मान खाली घालून सगळं कबूल केलं. आपल्याला एवढं वाटलं नव्हतं, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शिबिर भरवणाऱ्या घोडेस्वारी क्लबचे प्रमुख दुपारी नांदेडहून आले. त्यांनी सरांना त्याच गाडीतून परत पाठवलं, पालकांची हात जोडून माफी मागितली आणि घोड्यांच्या बाबतीत यापुढे माणिकप्पांचा शब्द शेवटचा राहील असं सर्वांसमोर सांगितलं. माणिकप्पांनी लगेच पहिला शब्द दिला, की कमळी कुठंच जाणार न्हाई.

आनंदराज लेकीजवळ आले. पुष्कळ बोलतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. विशाखाला ते खूप झालं.

व्यंकट खडकावर बसून साहेबांसाठी अहवाल लिहीत होते. ठिकाण, वेळ, केबलची लांबी. मग त्यांनी पेन थांबवून विचारलं, धोका पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आला, ते लिहावं लागतं, नावं सांगा. आदर्शने विशाखाचं नाव सांगितलं, विशाखाने पुनमचं, पुनमने आदर्शचं. व्यंकट यांनी तिन्ही लिहिली.

"त्याच्या वर अजून एक लिहा," विशाखा म्हणाली.

व्यंकट यांनी तिच्याकडे बघितलं, मग ओढ्याकाठी गवत खाणाऱ्या घोडीकडे. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी माणिकप्पांना तिचं वय विचारलं आणि तिन्ही नावांच्या वर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: कमळी, घोडी, वय सहा वर्षे.